अंगठा लावण्याआधी : नागपूरच्या दवाखान्यांत बायोमेट्रिक ओळख आणि पेशंटची गोपनीयता

"काका, अंगठा ठेवा." सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर, केस पेपरच्या खिडकीवर, खासगी हॉस्पिटलच्या रिसेप्शनला हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. मागे रांग असते, पेशंट कण्हत असतो. गोंदिया, गडचिरोली किंवा छिंदवाड्याहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या माणसाला एकदाचा नंबर लागावा एवढंच हवं असतं. अंगठा ठेवला जातो. तो कुठे गेला, कुणाकडे राहिला आणि किती दिवस राहील, हे विचारायचं राहून जातं.

ते विचारता यावं म्हणून हा लेख. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, किंवा धंतोली-रामदासपेठेतलं एखादं हॉस्पिटल, जिथे तुम्ही पहिल्यांदा पेशंट घेऊन जाणार आहात तिथे उपयोगी पडेल अशा क्रमानं तो लिहिला आहे. लहान दवाखाना चालवणाऱ्यांसाठीही पुढे एक भाग आहे, कारण चूक बऱ्याचदा खिडकीच्या आतल्या बाजूला होते आणि ती करणाऱ्याला तिची कल्पनाही नसते.

एवढी काळजी कशासाठी? पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोटं दहा, डोळे दोन, चेहरा एक. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागाच्या संगणकांतून सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. त्या लोकांचे ठसे जन्मभर तेच राहणार आहेत. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा (खंडणीसाठी संगणक अडवून धरणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला आणि जवळजवळ दोन आठवडे तिथलं बरंच काम कागदावर चालवावं लागलं. म्हणजे मोठ्या संस्थेचा संगणकही पडतो. बोटाचा ठसा आणि आजाराची माहिती एकाच ठिकाणी असेल, तर एका चोरीत माणूस कोण आहे आणि त्याला काय झालंय, दोन्ही बाहेर जातं.

पहिली पायरी : यंत्र कुणाचं आहे ते ओळखा

लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. काउंटरवरचं काचेचं डबडं बाहेरून सारखंच दिसतं, पण त्यामागे दोन अगदी वेगळ्या व्यवस्था असू शकतात.

पहिली आधारची पडताळणी. यात आधी तुमचा आधार क्रमांक किंवा कार्ड मागतात, मग बोट बहुधा एकदाच ठेवायला सांगतात आणि काही सेकंदांत पडद्यावर उत्तर येतं. ठसा कुलूपबंद होऊन आधार प्राधिकरणाच्या मध्यवर्ती साठ्याकडे जातो, तिथल्या तुमच्याच नोंदीशी ताडला जातो आणि "जुळलं" किंवा "जुळलं नाही" असा निरोप परत येतो. ई-केवायसी असेल, म्हणजे ओळखीची माहिती थेट आधारकडून मागवली असेल, तर नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटोही येतो. या वाटेनं आलेला ठसा हॉस्पिटलला स्वतःकडे ठेवता येत नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार बोटांचे आणि बुबुळांचे ठसे कुणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाहीत. आधार तयार करणं आणि पडताळणी, या दोन कामांपलीकडे ते वापरताही येत नाहीत.

दुसरी व्यवस्था हॉस्पिटलची स्वतःची. कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी असतं तसंच हे यंत्र. इथे आधार क्रमांक लागत नाही. "बोट ठेवा, काढा, परत ठेवा" असं तेच बोट तीन-चार वेळा घेतात, कारण यंत्र तुमची नवी नोंद तयार करत असतं. आधार क्रमांक न विचारता एकच बोट पुन्हा पुन्हा घेतलं, तर तुमचा ठसा तिथेच साठवला जातोय असं धरून चाला. तो त्या यंत्रात असेल, हॉस्पिटलच्या संगणकात असेल किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. तुमचे पुढचे बरेचसे प्रश्न या दुसऱ्या व्यवस्थेसाठी आहेत.

चेहऱ्याचंही तसंच. आधारच्या चेहरा-पडताळणीत मोबाइल समोर धरून डोळे मिचकावायला सांगतात, समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळावं म्हणून. केस पेपरवर चिकटवायला वेबकॅमनं काढलेला साधा फोटो मात्र हॉस्पिटलच्या संगणकात राहतो.

"आम्ही ठसा ठेवत नाही, फक्त टेम्प्लेट ठेवतो," असं उत्तर मिळेल. टेम्प्लेट म्हणजे बोटावरच्या रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात त्या बिंदूंची यादी. ठशाचा फोटो ठेवण्यापेक्षा हे बरं, यात वाद नाही. पण अशा यादीवरून यंत्राला फसवू शकेल असा ठसा पुन्हा तयार करता येतो, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. त्यामुळे टेम्प्लेटही ठशाइतकंच जपायला हवं.

दुसरी पायरी : घरून निघण्याआधी

आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते पाहा. पुढच्या निम्म्या अडचणी इथेच मिटतात, कारण अंगठ्याऐवजी ओटीपी देता येतो. नंबर बदलला असेल तर आधार केंद्रात जाऊन आधी तो नोंदवून घ्या. भरतीच्या दिवशी ही धावपळ होत नाही.

मग माय आधार संकेतस्थळावरून किंवा आधारच्या अधिकृत ॲपमधून दोन गोष्टी काढून ठेवा. एक म्हणजे मास्क्ड आधार, ज्यावर १२ आकड्यांपैकी शेवटचे ४ च दिसतात. दुसरी व्हीआयडी, १६ आकड्यांचा तात्पुरता क्रमांक. पडताळणीत आधार क्रमांकाच्या जागी तो चालतो आणि हवा तेव्हा नवा काढता येतो.

हॉस्पिटलबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात ही कामं करू नका. करावीच लागली तर तिथल्या संगणकात उतरलेली फाइल डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाका. दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर कार्ड पाठवलं असेल तर ते त्याच्या फोनमध्ये राहिलंय हे ध्यानात ठेवा. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर आडवी ओळ लिहा : हॉस्पिटलचं नाव, "फक्त भरतीसाठी", तारीख, सही. आमच्या मते बायोमेट्रिकपेक्षा आधी गळती होते ती या झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून.

तिसरं काम बायोमेट्रिक लॉकचं. त्याच संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ही सोय आहे. लॉक केलं की तुमच्या बोटावर, बुबुळावर किंवा चेहऱ्यावर कुठेही आधार पडताळणी होत नाही. बँकेचे पैसे अंगठ्यावर काढण्याचा मार्गही त्यानं बंद होतो. नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांची सिलिकॉनची नक्कल करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघड झालेले आहेत, म्हणून हे लॉक सगळ्यांनी लावावं.

पण इथे एक गोची होते. पेशंट योजनेत भरती होणार असेल आणि लॉक तसंच राहिलं, तर यंत्र ३३० हा एरर कोड दाखवतं. काउंटरवरच्या माणसाला त्याचा अर्थ माहीत नसला की "आधार चालत नाही" म्हणून पेशंटला परत पाठवलं जातं. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे, एवढंच. ॲपमधून तात्पुरतं उघडलं की ते साधारण १० मिनिटं उघडं राहतं आणि मग आपोआप बंद होतं. तेव्हा रांगेत उभं राहताना उघडू नका, नंबर आल्यावर उघडा. आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन पेशंटसोबत असू द्या, गावी ठेवून येऊ नका.

आभा क्रमांक काढायचा असेल तर तोही घरून, ओटीपीवर काढा. आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकड्यांचा आरोग्य क्रमांक. हे मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं आणि आभा घेणं ऐच्छिक आहे. हॉस्पिटलच्या घाईत काढला की एक चूक हमखास होते : पेशंटचा फोन लागत नाही म्हणून मदतनीस स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. मग पुढचे सगळे ओटीपी आणि कागद पाहण्याच्या विनंत्या त्याच्या फोनवर जातात. त्याच्या मनात काही वाईट नसलं तरी तुमच्या आजाराची किल्ली परक्याच्या खिशात राहते. असं झालेलं असेल तर आभा ॲपमध्ये नंबर बदलून घ्या. आभाचा पत्ता (ईमेलसारखी ओळख) निवडताना त्यात नाव, आडनाव, जन्मसाल घालू नका.

जिथे ओपीडीत स्कॅन करून टोकन मिळण्याची सोय आहे तिथे आभा ॲपनं भिंतीवरचा क्यूआर स्कॅन केला की नाव, वय, लिंग, पत्ता, फोन एवढी माहिती जाते आणि टोकन येतं. अंगठ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सोबतच्या तरुण मुलानं ही दोन मिनिटं काढली तर आजीला यंत्रापुढे उभंच राहावं लागत नाही.

तिसरी पायरी : काउंटरवर काय म्हणायचं

आवाज चढवायची गरज नाही. काउंटरवरच्या ताई-दादांनी ही पद्धत ठरवलेली नसते. क्रमानं विचारा : हे आधारचं यंत्र आहे की हॉस्पिटलचं? हॉस्पिटलचं असेल तर ठसा कुठे साठतो आणि कधी काढून टाकतात? याऐवजी ओटीपी किंवा ओळखपत्र चालेल का? संमतीचा कागद मराठीत आहे का?

चौथा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हॉस्पिटलांवरची बरीचशी बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोपर्यंत कायदाच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम बायोमेट्रिक आणि वैद्यकीय नोंदी, दोन्हींना संवेदनशील माहिती मानतात. खासगी कंपनी-संस्थेला अशी माहिती घेण्याआधी लेखी संमती घ्यावी लागते, हेतू सांगावा लागतो आणि काम संपल्यावर ती ठेवता येत नाही. त्याच नियमांत एक बोचरी तरतूदही आहे : माहिती द्यायला नकार दिला तर ती सेवा न देण्याची मुभा संस्थेला आहे. म्हणून "देणार नाही" एवढ्यावर थांबू नका, "याऐवजी हे घ्या" म्हणत दुसरं ओळखपत्र पुढे करा.

आधारच्या बाबतीत तुमची बाजू जास्त भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी संस्थांना आधार पडताळणी वापरू देणारा कलम ५७ चा भाग रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीनं आधार ऐच्छिक वापरायला वाट दिली, पण कलम ४ मध्ये स्पष्ट घातलं की पडताळणी करणाऱ्यानं ओळखीचे दुसरे मार्ग सांगायचे आणि पडताळणीला नकार दिला किंवा ती जमली नाही म्हणून सेवा नाकारायची नाही. पडताळणीआधी संमती घेणं आणि कोणती माहिती जाणार ते सांगणं कलम ८ मध्ये आहे. कार्डावरचा क्यूआर वाचून ऑफलाइन तपासणी करणाऱ्याला तर तुमचा आधार क्रमांक किंवा ठसा घेताच येत नाही.

सरकारी पैशातून मिळणाऱ्या लाभाचं वेगळं आहे. कलम ७ नुसार सरकार तिथे आधार मागू शकतं. आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर पडताळणी होणारच, आणि ती झाली नाही तर दावा अडकतो. तिथे वाद घालण्यापेक्षा ओटीपी, बुबुळ, चेहरा यांपैकी काय चालेल ते आरोग्यमित्राला विचारा. रोज हेच काम करणाऱ्या आरोग्यमित्राला वाट माहीत असते. नसेल तर फुले योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ वर विचारा.

तातडीचा पेशंट असेल तर यातलं काहीच आधी नाही. अपघात, छातीत दुखणं, अडलेली बाळंतीण : आधी उपचार. प्रत्येक डॉक्टरनं, सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्यासाठी तत्काळ मदत केली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे. बेशुद्ध माणसाचं बोट उचलून यंत्रावर ठेवू देऊ नका. त्याची ओळख नातेवाइकानं कागदावर पटवून द्यावी. पेशंटचा मोबाइलही त्याच्याच बोटानं उघडतो, तेव्हा तो वॉर्डात उशाशी न ठेवता घरच्या एकाच माणसाकडे द्या.

चौथी पायरी : ठसा जुळत नाही तेव्हा

आपल्या भागात हे फार होतं, आणि त्यात पेशंटचा दोष नसतो. भंडारा-गोंदियात वर्षानुवर्षं बिड्या वळलेली बोटं, वीटभट्टीवर आणि सिमेंटमध्ये काम केलेली बोटं, कापूस वेचून चिरलेली बोटं, म्हातारपणानं पातळ झालेली कातडी. वर नागपूरच्या थंडीत बोटं कोरडी पडतात आणि उन्हाळ्यात घामानं ओली.

एरर कोड ३०० आला तर त्याचा अर्थ ठसा जुळला नाही इतकाच, माणूस खोटा आहे असा नाही. काच कोरड्या कापडानं पुसून घ्या, आधीच्या माणसाच्या बोटाचं तेल तिथे असतं. हात धुऊन कोरडे करा. फारच कोरडे असतील तर ओलसर कपड्याला बोट टेकवून पुसा. मग अंगठ्याचा हट्ट सोडून तर्जनी किंवा मधलं बोट ठेवा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, "अंगठा" हा नुसता बोलण्यातला शब्द आहे. बोट टोकावर न टेकवता सपाट ठेवा आणि जोरानं दाबू नका, दाबल्यानं रेषा एकमेकींत मिसळतात. सलाइन असलेल्या सुजलेल्या हाताऐवजी दुसरा हात वापरा. कोड ८११ आला तर त्या प्रकारची बायोमेट्रिक नोंद आधारकडे नाहीच, मग पुन्हा पुन्हा बोट ठेवण्यात वेळ घालवू नका.

कर्करोगाच्या पेशंटबद्दल वेगळं सांगायला हवं. जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किंवा मानेवाड्याच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात दूरदूरचे लोक येतात. केमोथेरपीतल्या कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात आणि काहींचे ठसे अक्षरशः पुसले जातात. पहिल्या भरतीला जुळलेला ठसा तिसऱ्या फेरीला जुळत नाही आणि काउंटरवर संशयानं पाहिलं जातं. अशा पेशंटनं गोळ्या सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून एका ओळीचं पत्र घेऊन फाइलला लावावं आणि पडताळणीसाठी ओटीपी किंवा बुबुळ मागावं. कुष्ठरोगानं बोटं झडलेल्यांनाही हाच मार्ग.

पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारमध्ये बोटांचे किंवा बुबुळांचे ठसे घेतलेलेच नसतात, आई-बापांपैकी एकाची पडताळणी झालेली असते. तेव्हा त्या वयाच्या लेकराचं बोट कुणी "आधारसाठी" मागितलं, तर तिथे काहीतरी चुकतंय.

पाचवी पायरी : ज्या आजारांना जास्त जपायचं

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि सिकलसेलसोबत सोयरिकीची भीती आहे. वाहक असल्याची बातमी फुटली की मुलीचं लग्न मोडतं. तपासणी झालीच पाहिजे, पण अहवाल पेशंटच्याच हाती द्यायला सांगा. गावातल्या कुणाच्या व्हॉट्सॲपवर नाही.

एचआयव्हीच्या नोंदींना २०१७ च्या स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही आणि नोंदी सांभाळणाऱ्यानं त्या सुरक्षित ठेवायच्या असतात. मानसिक आजाराच्या पेशंटला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव उघड करणं २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. या तिन्ही ठिकाणी हॉस्पिटलच्या स्वतःच्या बायोमेट्रिक यंत्रावर बोट ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे : नाव बदलून किंवा टोपणनावानं काहीसा आडोसा करता येतो, ठसा एकदा नोंदला की तो आडोसा उरत नाही. आणि एकच बोट दाताच्या ओपीडीत आणि मानसोपचारात चालत असेल, तर दाताच्या टेबलावरच्या माणसाला काय काय दिसतं ते विचारायलाच हवं.

आभा असेल तर सांगा, "हे कागद माझ्या आभाला जोडू नका." पुढे कुण्या डॉक्टरनं जुने कागद पाहायला विनंती पाठवली तर ॲपमध्ये चार गोष्टी दिसतात : कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या काळातले कोणत्या प्रकारचे कागद, आणि परवानगी कधी संपणार. पहिल्या झटक्यात "मंजूर" दाबू नका. गुडघ्यासाठी गेला असाल तर गेल्या सहा महिन्यांचे तपासणी-अहवाल पुरतात. तारखा आणि प्रकार तुम्हाला कमी करता येतात. परवानगी नंतर रद्दही होते, पण त्यानं पुढची मागणी थांबते, आधी उतरवून घेतलेले कागद परत येत नाहीत.

लहान दवाखान्यांसाठी

एकाच पेशंटचे दोन नंबर होतात, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागतो, म्हणून बायोमेट्रिक घ्यावंसं वाटतं. अडचण खरी आहे, पण ती बहुतेक वेळा ठशाशिवाय सुटते. पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा प्रत्येक औषधाआधी आणि रक्त काढण्याआधी पेशंटच्या तोंडून वदवून घ्या. "तुम्हीच मेश्राम काका ना?" असं विचारलं की गुंगीतला माणूस हो म्हणतो. "तुमचं नाव सांगा" असं विचारा. बेड नंबर ही ओळख धरू नका. भरतीच्या पेशंटला मनगटपट्टी बांधा.

तरीही यंत्र बसवायचंच असेल, तर हजेरीचं स्वस्त यंत्र पेशंटसाठी वापरू नका. बसवणारा मेकॅनिक कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवून जातो आणि ते नेटला जोडलेलं असतं. पासवर्ड त्याच दिवशी बदला. ठशाची यादी आणि आजाराची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आधी नंबर टाकून मग त्याच एका नोंदीशी ठसा ताडणारी रचना घ्या. नुसतं बोट ठेवून हजारोंमधून माणूस शोधणाऱ्या रचनेत चुकीचा माणूस जुळण्याची शक्यता नोंदींबरोबर वाढत जाते, आणि दवाखान्यात चुकीचा माणूस म्हणजे चुकीचं रक्त.

सॉफ्टवेअरवाल्याशी करारात लिहून घ्या : सर्व्हर कुठे आहे, नोंदी कोणती माणसं पाहतात, करार संपल्यावर डेटा पुसल्याचं पत्र किती दिवसांत मिळेल. यंत्र दुरुस्तीला किंवा भंगारात जाण्याआधी त्यातल्या नोंदी पुसा, नुसती वायर काढून पुरत नाही. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवावं लागतं. नव्या डेटा कायद्यात सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

शेवटची पायरी : तपासणं आणि तक्रार

घरी परतल्यावर माय आधारवर पडताळणीचा इतिहास उघडा. मागच्या ६ महिन्यांत कुठे, केव्हा, कशावर पडताळणी झाली ते दिसतं. हॉस्पिटलात गेलाच नव्हता त्या दिवशीची नोंद दिसली तर लगेच बायोमेट्रिक लॉक करा आणि आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर कळवा. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), मग बँक, मग पोलीस ठाणं. पहिल्या तासात फोन केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

खासगी हॉस्पिटलकडे लेखी अर्ज द्या : "माझ्या बोटांचा ठसा आपण तारीख अमुक रोजी घेतला. मी त्याची संमती मागे घेत आहे. ठसा व टेम्प्लेट नष्ट करून तसे लेखी कळवावे. उपचाराच्या नोंदी नष्ट करू नयेत." शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर उद्या लागणारी फाइलच गायब व्हायची. उपचाराच्या नोंदी डॉक्टरला उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवाव्याच लागतात आणि पेशंटनं मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. त्या आधी मागून घ्या, ठशाचा अर्ज नंतर द्या. २०११ च्या नियमांनुसार संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्यानं एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

सरकारी हॉस्पिटलात २०११ चे नियम कामी येत नाहीत, तिथे माहितीचा अधिकार वापरा. राज्य सरकारच्या हॉस्पिटलात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, फी १० रुपये. विषय एवढाच ठेवा : "पेशंटच्या बायोमेट्रिक नोंदणीचे यंत्र व सॉफ्टवेअर." त्याखाली मागा पुरवठादाराशी झालेल्या कराराची प्रत, डेटा कुठे साठतो त्याची नोंद, आणि नोंदी किती काळ ठेवायच्या याचा आदेश. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं होतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा "सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही" एवढंच आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पहिलं अपील करा, सोबत तो शिक्क्याचा कागद जोडून.